विज्ञानाची बातमी तोलावी कशी?



आज आम्ही आपल्यापुढे एका काळ्या खड्याची हकिकत ठेवणार आहोत. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले की, शिसे, तांबे, फॉस्फरस व ऑक्सिजन यांपासून बनविलेला 'एलके-९९' हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाच अतिवाहक आहे. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज कोणत्याही रोधाशिवाय वाहते तो पदार्थ. हवेच्या साध्या दाबाखाली आजवरचे सर्व अतिवाहक अतिशय थंड करावे लागतात. म्हणून या दाव्याचे महत्त्व मोठे होते.

लोहचुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या त्या खड्याचे चलचित्र जगभर फिरले. क्रांती झाल्याच्या बातम्या आल्या. आम्हीही एक कात्रण अभ्यासिकेच्या फलकावर मोठ्या हौसेने लावले.

पुढे काय झाले? अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या नमुन्यातही अतिवाहकता आढळली नाही. रोध एकाएकी उतरत होता तो तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे; सुमारे १०४ अंश सेल्सिअसला त्याची अंतर्गत रचनाच बदलते. जर्मनीतील स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत बनविलेले शुद्ध स्फटिक तर विद्युतरोधक निघाले. डिसेंबर २०२३ मध्ये कोरियातील तज्ज्ञ समितीनेही अतिवाहकतेचा पुरावा नसल्याचे सांगितले.

आमच्या फलकावरील कात्रण मात्र तसेच होते. दहावीच्या एका मुलीने विचारले, "सर, हे खोटे ठरले ना? मग अजून इथे कसे?" आम्ही निरुत्तर झालो.

मित्रहो, संशोधनात चूक होणे हा गुन्हा नव्हे. इतरांनी तपासले, चूक उघड झाली, हे विज्ञानाचे बळच आहे. उणीव राहिली ती सांगणाऱ्यांची, आणि त्यांत आम्हीही आलो. ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत, शाळेत धड प्रयोगशाळा नाही, अशी आपली मुले फलकावरच्या कात्रणालाच विज्ञान समजतात. त्यांना अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे त्यांची फसवणूकच होय.

म्हणून नव्या पदार्थाची बातमी, व्याख्यान वा प्रदर्शन चार प्रश्नांनी तोलावे. मोजमाप कोणी व कसे केले? दुसऱ्या प्रयोगशाळेने ते पडताळले काय? अडचणी व शंका सांगितल्या आहेत काय? आणि पुढचा निकाल तितक्याच ठळक अक्षरांत दिला काय? किती लोक जमले, यापेक्षा ऐकणाऱ्याला काय उमगले, हे महत्त्वाचे.

ते कात्रण आम्ही काढले नाही. त्याच्या शेजारी डिसेंबरचा निकाल तारखेसह लिहून लावला. तो त्याच मुलीने स्वतःच्या अक्षरांत लिहिला आहे. अभ्यासिकेत आलात तर तो अवश्य वाचा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.