धनुर्धराचे कोपर



धनुर्विद्येवर बोलायला उभा राहिलेला माणूस नेम कसा धरावा ते सांगेल, अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही मात्र आज कोपरदुखीवर बोलणार आहोत. विराटपर्वातील कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. अज्ञातवासात बृहन्नडा होऊन राहायचे ठरल्यावर अर्जुनापुढे अडचण उभी राहिली ती त्याच्या हातांची. दोन्ही हातांवर दोरीच्या आघातांचे घट्टे पडले होते. ते त्याने बांगड्यांखाली झाकले. कातडीवरचे घट्टे असे झाकता येतात. पण कातडीच्या आत, कोपराच्या हाडापाशी जे बिघडते ते झाकता येत नाही. पाण्याने भरलेला तांब्या उचलायची वेळ आली की ते उघडे पडतेच.

आमचे ते तसेच उघडे पडले. पंचेचाळिशी उलटल्यावर आम्हांला धनुष्याचा नाद लागला. नादच म्हणायचा, कारण त्याला दुसरे नाव नाही. आरंभी आमच्याकडे बांबूचे धनुष्य होते. त्याचा भार, म्हणजे पूर्ण ओढलेली दोरी धरून ठेवायला लागणारे बळ, पंचवीस पौंडांचा होता. तीन महिन्यांत पाठ भरली, दंड भरले, चार मित्रांनी कौतुक केले. आणि आम्ही इंग्रजी धर्तीचे, पन्नास पौंडांचे लाकडी लांब धनुष्य घेतले. रोज शंभर बाण सोडायचा नेम केला. पन्नास पौंड म्हणजे साडेबावीस किलोंहून थोडे अधिक. शंभर बाणांचा हिशेब केला, तर एका सकाळी आम्ही सव्वादोन टनांहून अधिक भार ओढीत होतो. तेव्हा हा हिशेब आम्ही केला नाही. केला असता तरी तो अभिमानानेच केला असता!

दीड महिन्यात डाव्या, म्हणजे धनुष्य धरायच्या हाताच्या कोपराला बाहेरच्या बाजूने टोचणी लागली. आम्ही मलम चोळले, वेदनाशामक गोळी घेतली आणि बाण सोडत राहिलो. एक दिवस घरी पाहुणे आले, त्यांना पाणी देताना भरलेला तांब्या हातातून निसटला. मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. तीन महिने त्या हाताने काडीही उचलली नाही. दुखणे गेले. आनंदाने तेच पन्नास पौंडांचे धनुष्य उचलले आणि बाराव्या बाणाला दुखणे पूर्वीपेक्षा दुप्पट होऊन परत आले. हट्टाने हात बिघडला हे समजत होते. पण विश्रांतीनेही तो का सुधारू नये? या प्रश्नाने आम्हांला वैद्यकाच्या पुस्तकांकडे नेले.

स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट, पांढरी दोरी असते तिला कंडरा म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बांधलेल्या असतात. मनगट व बोटे मिटणाऱ्यांच्या आतल्या उंचवट्यावर. येथे एक गंमत आहे. आपण एखादी वस्तू घट्ट आवळतो तेव्हा मनगट खाली वाकू नये म्हणून बाहेरच्या कंडरेलाही खेचून धरावे लागते. म्हणून मूठ आवळणाऱ्याचे कोपर बाहेरून दुखते. आणि बोटांवर सगळा भार घेऊन दोरी ओढणाऱ्याचे पुष्कळदा आतून.

या बाहेरच्या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात; परंतु रुंगे या जर्मन वैद्याने १८७३ साली ते नोंदविले ते लिहिणाऱ्यांच्या हाताचा विचार करताना. तेव्हा या सभागृहातील कारकून व शिक्षक मंडळींनी आपण सुटलो असे समजू नये. पुढे त्याला ‘कंडरादाह’ हे नाव रूढ झाले. दाह म्हटला की शमविणे आले, विश्रांती आली. पण १९७९ साली नर्शल व पेट्रोन या अमेरिकन शल्यवैद्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती तपासल्या, तेव्हा त्यांत दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहीत. आढळले ते विस्कटलेले तंतू. सुताचा पीळ उलगडावा तशी कंडरेची वीण उलगडली होती. महिनोन्‌महिने रेंगाळलेले दुखणे म्हणजे विझवायची आग नसते. ती पुन्हा विणायची दोरी असते.

ही दोरी कशाने विणली जाते? आश्चर्य वाटेल, पण ताणानेच. बेताचा ताण मिळाला की कंडरेतील पेशी नवे तंतू तयार करतात आणि ते ताणाच्या दिशेने लावतात. ताण मुळीच नसेल तर कंडरा दुबळी होते. आमच्या तीन महिन्यांच्या विश्रांतीने वेदना गेली, पण कंडरा मात्र आणखी दुबळी झाली. दुसरी गोष्ट कंडरेच्या संथपणाची. स्नायूला बळ चढायला काही आठवडे पुरतात. कंडरेला महिने लागतात. नवशिक्याला तिसऱ्या महिन्यात आपण भीम झालो असे वाटते, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. दंड आरशात दिसतो. कंडरा दिसत नाही.

जुन्या धनुर्धरांना कंडरेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण हे मर्म ठाऊक होते. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्या जहाजावर शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. त्यांतील पुष्कळांचा भार शंभर पौंडांच्या वर, काहींचा दीडशेच्याही पुढे असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही धनुष्ये माणसे ओढीत होती कशी? याचे उत्तर ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ साली बालराजा सहावा एडवर्ड याच्यासमोर दिलेल्या प्रवचनात सापडते. त्याने सांगितले की, वडिलांनी आपणांस हाताच्या जोराने नव्हे, तर सगळे अंग घालून धनुष्य ओढायला शिकविले. आपल्या वयाला व बळाला साजेशी धनुष्ये आणून दिली, आणि बळ वाढेल तशी ती मोठी होत गेली. तुर्कस्तानात तर नवशिक्याला ‘केपादे’ नावाचे मऊ धनुष्य देत, आणि बाणाला हात लावण्यापूर्वी ते दिवसेंदिवस नुसते ओढायला लावीत. आम्ही लॅटिमरचे धनुष्य घेतले. त्याच्या वडिलांची पद्धत तेवढी घेतली नाही!

आता उपायांकडे वळू. पहिली सुधारणा धरण्याच्या पद्धतीत करावी. धनुष्याची मूठ आवळू नये. ते तळव्यात, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर टेकलेले असावे आणि बोटे सैल असावीत. धनुष्याचा हात सरळ ठेवावा, पण कोपर उलट्या बाजूला ताणून कुलूप घालू नये. दोरी बोटांच्या आकड्यात अडकवावी, मनगट व हाताची पाठ सपाट ठेवावी, आणि ओढ दंडाने नव्हे तर दोन फऱ्यांमधल्या स्नायूंनी घ्यावी. आकर्ण ओढल्यावर ओढत्या हाताचे कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित वर असावे. फार हलके बाण वापरू नयेत. जी शक्ती बाण नेत नाही ती धनुष्यातच राहते आणि धक्का होऊन हातात उतरते. बाण न लावता ओढलेली दोरी सोडून देणे तर धनुष्य व कोपर दोघांनाही घातक.

दुसरा उपाय व्यायामाचा. टेबलावर हात ठेवून तळवा खाली करावा, मनगट कडेच्या बाहेर सोडावे. हातात अर्धा किलो वजन घ्यावे. अर्धा लिटर पाण्याची बाटली चालेल. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यावे आणि एकट्या दुखऱ्या हाताने, पाच अंक मोजत, सावकाश खाली आणावे. असे दहा-पंधरा वेळा, मध्ये थांबून तीन फेऱ्या. आतली बाजू दुखत असेल तर तळवा वर करावा. थोडे दुखले तर भिऊ नये. परंतु ते दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले पाहिजे. न ओसरल्यास वजन कमी करावे. हे दोन-तीन महिने चालवायचे असते. मग हलके धनुष्य, थोडे बाण, एक दिवसाआड. बाणांची संख्या वाढवाल त्या आठवड्यात भार वाढवू नये, भार वाढवाल त्या आठवड्यात संख्या.

इंजेक्शनविषयी नेहमी विचारणा होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९८ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, काहींना व्यायामोपचार, काहींना नुसता सल्ला देऊन वाट पाहायला सांगितले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांच्या पुढे होते. वर्षअखेर सर्वांच्या मागे. व्यायामवाल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र ते आणि वाट पाहणारे जवळपास बरोबरीला आले. म्हणजे दुखणे बहुतेकांचे बरे होते, पण घाई केलेली त्याला खपत नाही. गोळी घेऊन बाण सोडणे हा तर पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकण्याचा प्रकार होय. मात्र करंगळी व शेजारचे बोट बधिर होत असेल, सांधा अडकत असेल, सूज वा ताप असेल, किंवा वेदना मानेतून उतरत असेल, तर आमचे व्याख्यान विसरून डॉक्टरांकडे जावे.

आमचे कोपर बरे व्हायला चौदा महिने लागले. त्यांतले पहिले सात आम्ही हट्टात आणि आळसात घालविले. आज आम्ही तीस पौंडांचे धनुष्य ओढतो, चाळीस बाण सोडतो, आणि पाहुण्यांना पाणी आमच्याच हाताने देतो. पन्नास पौंडांचे ते धनुष्य भिंतीवर आहे. परवा शेजारचा एक तरुण ते मागायला आला. आम्ही त्याच्या हाती बांबूचे जुने धनुष्य ठेवले. तो हिरमुसला, “हे तर मुलांचे आहे,” म्हणाला. आम्ही म्हटले, “बाबा रे, तुझी कंडरा अजून मूलच आहे. ती वाढली की भिंतीवरचे तुझे.”

तो दुसऱ्या दिवशी आला, आणि अजून येतो आहे.