न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चारबाग येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



चाहूल लागताच आपोआप पेटणारे दिवे हा माझा आजचा विषय. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून दिव्याच्या बटणाचा विचार कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु ज्या पिढीने या शहरात संसार थाटले ती आता सत्तरीच्या पलीकडे गेली आहे. मुले पुण्यास, बंगळूरास, नाहीतर परदेशी. मागे उरतात ती दोघे, पुष्कळ घरी एकच. रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून भिंत चाचपीत न्हाणीघरापर्यंत जाणे, ही या वयात लहानसहान गोष्ट नव्हे. त्या दहा पावलांत मोडलेले खुब्याचे हाड पुढची सारी वर्षे बदलून टाकते.

प्रथम एक उदाहरण आपल्या नित्याच्या वाटेवरचे देतो. इथल्या स्थानकाला लागूनच असलेल्या लखनौ जंक्शनवरून सुटणारी पुष्पक एक्सप्रेस मुंबईस जाताना भोपाळवरून जाते. भोपाळ, जबलपूर व नरसिंहपूर या स्थानकांवर केलेली एक योजना जुलै २०२० मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केली होती. गाडी फलाटावर येताच सर्व दिवे लागावेत आणि ती निघून जाताच निम्मे आपोआप विझावेत, अशी ती योजना. यातला 'निम्मे' हा शब्द मला मोलाचा वाटतो. फलाट संपूर्ण अंधारात कधीच सोडलेला नाही. घरात मात्र उत्साही मंडळी नेमके हेच विसरतात.

आता यंत्राकडे वळू. बाजारात सर्रास मिळणारा सेन्सर माणूस ओळखीत नाही, आवाजही ऐकत नाही. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. सेन्सरवरचे खवलेदार पांढरे भिंग त्या किरणांचे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या दोन स्फटिकपट्ट्यांवर पडणारी उष्णता कमीजास्त होते, आणि तेवढ्यावर दिवा लागतो. म्हणजे त्याला कळतो तो उष्णतेतला बदल, उपस्थिती नव्हे. न्हाणीघरात वृद्ध माणूस पाच-दहा मिनिटे स्थिर बसला, की सेन्सरच्या लेखी तिथे कुणी नाही. दिवा विझतो, आणि त्या बिचाऱ्याला अंधारात हात हलवीत बसावे लागते. विझण्याची मुदत एका मिनिटावर ठेवून काटकसर साधणाऱ्यांनी हे दृश्य एकदा डोळ्यांपुढे आणावे.

लखनौच्या हवेने यात आणखी भर घातली आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३-३४ अंश. मे-जूनमध्ये दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही तेवढ्याच गरम असल्या, तर माणूस व भिंत यांत सेन्सरला फरकच उरत नाही, पल्ला आखडतो. पौषात उलट अडचण. शाल, स्वेटर आणि कानटोपी यांत गुरफटलेल्या देहाची ऊब बाहेर येणार कशी? जिथे हा त्रास होतो तिथे रडारच्या तत्त्वावर चालणारे सेन्सर घ्यावेत. ते श्वासाने होणारी छातीची हालचालही टिपू शकतात. मात्र पातळ आडभिंतीतून त्यांना पलीकडचेही दिसते, आणि फिरत्या पंख्यानेही ते फसतात.

विजेच्या बचतीविषयी स्पष्टच बोलतो. साठ वॅटचा जुना बल्ब रोज रात्री दहा तास जळला, तर महिन्याला १८ युनिट जात. त्याजागी नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला की ते पावणेतीन युनिटांवर येते. सेन्सर बसवून यातली फार तर दोन युनिटे वाचतील. सेन्सर स्वतःही चोवीस तास थोडी वीज खातो. तेव्हा हा खर्च बचतीसाठी करू नये. पडण्याच्या भीतीसाठी करावा.

बसविताना वायरमनच्या सोयीची जागा घेऊ नका. समोरून सरळ चालत येणारा माणूस सेन्सरला उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन कळतो. पलंगाखाली, गुडघ्याच्याही खाली, जमिनीकडे उजेड टाकणारा एक छोटा दिवा असावा. पाय खाली टेकताच तो लागला पाहिजे. हीटर आणि उन्हाची खिडकी समोर नको. न्हाणीघरात मुदत पंधरा मिनिटांहून कमी नको. शिवाय सेन्सरला समांतर एक साधे बटण असावे, म्हणजे सेन्सर बिघडला तरी दिवा हातचा राहतो. अर्ध्या वॅटचा एक रात्रदिवा तर अखंड राहू द्यावा. हे सारे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वीज जाण्याच्या रात्रीच त्याची खरी गरज असते.

एक नाजूक गोष्ट उरते. मोबाइलशी जोडलेल्या यंत्रणेत आई रात्री कितीदा उठली, हे पुण्यास बसलेल्या मुलाला दिसू शकते. त्याची काळजी खरी आहे; पण ते बसविण्याआधी आईस विचारले आहे काय? काही जणींना त्याचा आधार वाटेल, काहींना संकोच. जिला नको असेल तिच्यासाठी मोबाइलविना चालणारा साधा सेन्सर पुरेसा आहे. वाय-फाय बंद पडले तरी तो आपले काम करीत राहतो.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूस असा एक सेन्सर मांडून ठेवला आहे. ज्येष्ठांनी तो आपल्या नेहमीच्या संथ चालीने पाहून घ्यावा. दुकानात तो दाखविणारा तरुण फारच वेगाने चालतो.