चारचौघींत न बोलायचे दुखणे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वीच्या मंगळागौरीला मी फुगडीला उठले नाही. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघ्याला काही झाले नव्हते. धाकट्याच्या बाळंतपणापासून शिंकताना, खोकताना, बादली उचलताना मला लघवी आवरत नसे. गावाला जायचे तर सकाळपासून पाणीच पीत नसे. "बाईच्या जातीला हे चालायचेच," असे सासूबाई म्हणत. त्यांनीही तसेच दिवस काढले असावेत.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याजवळ एकदा मन मोकळे केले. ती म्हणाली, "मावशी, हा आजार आहे, आणि त्यावरचे उपाय मोजून पाहिलेले आहेत." मला हसूच आले. असली गोष्ट मोजणार कशी? तर पॅड आधी कोरडे तोलायचे, मग बाईने उड्या मारायच्या, धावायचे, आणि तेच पॅड पुन्हा तोलायचे. जितके ग्रॅम वाढले तितकी गळती. वाण्याच्या तराजूइतके सोपे!

नॉर्वेतील कारी बो या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी परीक्षा घेतली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. माझ्यासारख्याच १०७ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट, आणि मुदत सहा महिने. एका गटाला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम, दुसऱ्याला विजेचे यंत्र, तिसऱ्याला आत धरून ठेवायचे वजनाचे शंकू, आणि चौथ्याला यांतले काहीच नाही. शेवटी "आता मला त्रास उरला नाही" असे म्हणणाऱ्या व्यायामाच्या गटात २५ पैकी १४ निघाल्या. यंत्राच्या २५ पैकी ३, शंकूंच्या २७ पैकी २, आणि काहीच न केलेल्या ३० पैकी १. म्हणजे बिनपैशाचा उपाय यंत्राहून सरस! मात्र १४ म्हणजे २५ नव्हेत. शिवाय त्या बायकांना दर आठवड्याला शिकवणारी बाई होती. घरी बसून ऐकीव व्यायाम केला तर तसेच होईल असे मी म्हणणार नाही.

मलाही आधी चुकीचेच जमत होते. पोट आत ओढायचे, श्वास कोंडायचा! भाचीने सांगितले, लघवी आणि वारा दोन्ही रोखावे तसे आतून आवळून वर ओढायचे, क्षणभर धरायचे, सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. आठ-बारा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मधेच थांबवून सराव करायचा नाही. शिंक येते आहे असे वाटले की आधी आवळायचे, ही युक्ती तर मला सर्वांत उपयोगी पडली. आणि पाणी कमी करायचे नाही.

घाई होऊन पोहोचेपर्यंत लघवी सुटते, तो प्रकार निराळा. त्यात दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवायला शिकवतात. जळजळ होत असेल किंवा रक्त दिसले, तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टरांकडे जावे.

मला गुण यायला चार महिने लागले. अजून जोराची शिंक आली तर एखादा थेंब जातो. पण यंदाच्या श्रावणात फुगडीला उठले.

पुढच्या शुक्रवारी भजनानंतर भाची मंडळाच्या मागच्या खोलीत येणार आहे. दार लावून घेऊ. ज्यांना चारचौघींत विचारायचे नसेल, त्यांनी आज चहाच्या वेळी मला गाठावे. मी कपबशांपाशीच आहे.