दिवाणखान्यातलं गाणं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या हॉलमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत मी पुष्कळ वेळा बोललो आहे. पण ते बहुतेक पाण्याचे टँकर, लिफ्टचं वार्षिक कंत्राट आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, यावर. या वेळी समितीतली तरुण मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही गाण्यावर बोला." मला बरं वाटलं. वेळ वीस मिनिटांची दिली आहे आणि सचिवसाहेब घड्याळ घेऊन पुढेच बसले आहेत, त्यामुळे सुरुवात करतो.

आधीच सांगतो, मी गवई नाही. मी श्रोता आहे. आपल्यापैकी अनेकांसारखा मीही डिसेंबर आला की सवाईच्या तिकिटांची चौकशी करणारा माणूस. म्हणून सवाईपासूनच सुरू करू.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १८८६ चा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. नाटकात स्त्रीभूमिका करायचे, गायचे, तिथे त्यांना हे नाव मिळालं. जानेवारी १९४६ मध्ये त्यांची साठी झाली. त्या निमित्ताने पुण्यात जो कार्यक्रम झाला, त्यात त्यांचा एक तरुण शिष्य गायला आणि पुणेकरांनी त्याला लक्षात ठेवलं. तो शिष्य म्हणजे भीमसेन जोशी. वय तेव्हा चोविसाच्या आत. पुढे १९५२ च्या सप्टेंबरमध्ये गुरू गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी, गुरूंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांच्यासारख्या मंडळींना बरोबर घेऊन, पुण्यतिथीचा संगीतोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा सवाई गंधर्व महोत्सव तो हाच. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं.

आता यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कुठली, तर हा उत्सव कुणी "चला, महोत्सव करू" म्हणून काढलेला नाही. एका शिष्याने गुरूचं श्राद्ध स्वरांनी घातलं, इतकं साधं ते होतं. आणि ही रीत एकट्या पुण्याची नाही. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले. उरुसाच्या दिवसांत तिथे गायक-वादक येऊन हजेरी लावतात, आपली सेवा रुजू करतात. धारवाडजवळ कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ गाणं होतं. साताऱ्याकडच्या औंधला अंतूबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ असाच उत्सव सुरू केला, तो पुढे गजाननबुवांनी चालवला. म्हणजे बघा, आपल्याकडे गाण्याचा हंगाम हा बहुतेक वेळा कुणाच्या तरी आठवणीचा हंगाम असतो. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, आणि येणारी माणसंही बरीचशी ठरलेली.

दुसरी गोष्ट जागेची. आपलं ख्यालगायन हे मुळात खोलीतलं गाणं आहे. युरोपात याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोलीच. हायडनने साठाहून अधिक चौकड्या लिहिल्या. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, असे चार जण समोरासमोर बसून वाजवणार आणि ऐकणारे दिवाणखान्यात मावतील एवढेच. मुंबईत मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९४० च्या सुमारास अशीच चौकडी उभी केली होती. लंडनचा विगमोर हॉल १९०१ पासून या खोलीतल्या संगीतासाठी जगभर नावाजलेला आहे, आणि त्यात माणसं बसतात किती? साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आपल्या बालगंधर्व रंगमंदिरापेक्षाही कमी.

आता आपली बैठक मोजा. मध्ये गायक, मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. पाच माणसं झाली. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीकसा दोरा सरकवतात आणि मग ती तार नुसती वाजत नाही, ती उमलते. तिला जवारी म्हणतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर हात बसवला आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही जवारी काय चीज आहे हे कळायला तानपुऱ्यापासून पाच-सात हातांवर बसावं लागतं. दहा हजार माणसांत, स्पीकरच्या खांबाजवळ बसून गाणं ऐकू येतं, आनंदही होतो, मी स्वतः तो वर्षानुवर्षं घेतला आहे. पण गायक "सा" लावण्याआधी जो श्वास घेतो, तो तिथे ऐकू येत नाही. तबलजीने एखादी जागा हेरली आणि गायकाने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, हे दिसत नाही. पडद्यावर दिसतं म्हणाल, तर पडदा कॅमेरावाल्याला जे दिसेल ते दाखवतो.

यात कुणाला नावं ठेवण्याचा हेतू नाही. सवाई मोठा झाला म्हणून हजारो सामान्य माणसांना हे गाणं मिळालं. पूर्वी ते कुणाच्या वाड्यात, कुणाच्या माडीवर, ओळखीने मिळायचं. ओळख नसेल तर जिन्याखाली उभं राहायचं. सवाईने तो जिना मोडला, हे फार मोठं काम आहे. रेणुका स्वरूपच्या आवारात, नंतर रमणबागेत, शाली गुंडाळून, थर्मास घेऊन रात्र रात्र बसणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. पहाटे भीमसेनजी गायचे, आणि शेवटी त्यांच्या गुरूंची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावली जायची. तेव्हा सगळा मंडप गप्प बसून ती ऐकायचा. ज्यांनी ते अनुभवलं आहे त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांत ज्यांच्या घरात आजारी माणूस असतं, त्यांना त्याची किंमत विचारा. पण त्यामुळे झालं असं की रात्रीचे राग आपल्या कानांवरून गेले. आपल्याकडे दिवसाचे आठ प्रहर आणि प्रत्येकाचे राग वेगळे. महोत्सव दुपारी सुरू होतो, दहाला संपतो, एखाद्या दिवशी परवानगीने बारापर्यंत जातो. त्यात मुलतानी मिळतो, मारवा मिळतो, यमन मिळतो. पण मध्यरात्रीनंतरचा दरबारी, पहाटेचा ललित, सूर्य वर येतानाचा भैरव, हे कधी ऐकायचे? सकाळचा तोडी संध्याकाळी मोबाइलवर ऐकता येतो, नाही असं नाही. पण सकाळी केलेला उपमा संध्याकाळी गरम करून खाल्ल्यासारखं ते होतं.

आणि आता जे सांगायला मी उभा राहिलो, त्याकडे येतो. हे सांगणं थोडं जड आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत एक भाडेकरू कुटुंब होतं. नाव आणि विंग सांगत नाही. त्यांची मुलगी गाणं शिकत होती. पहाटे साडेपाचला ती खर्ज लावायची. एकच खालचा "सा", वीस-वीस मिनिटं. खर्जाचा रियाझ ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, हे काय चाललंय. काही सभासदांना त्रास होऊ लागला. कुणाची रात्रपाळी होती, कुणाच्या घरी तान्हं बाळ होतं. त्यांचं काही चुकलं असं नाही. समितीकडे तक्रारअर्ज गेला. त्यावर सात सह्या होत्या. त्यांतली तिसरी सही माझी आहे.

होय, माझी. त्याच महिन्यात मी सवाईचं पूर्ण हंगामाचं तिकीट काढलं होतं. मंडपात बसून मी शेजाऱ्याला सांगत होतो की पुढच्या पिढीत आता पहिल्यासारखी मेहनत राहिली नाही. आणि घरी येऊन मेहनतीविरुद्ध सही करत होतो. माझ्या बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "अहो, भीमसेनजी आपल्या वर राहत असते तर तुम्ही काय केलं असतंत?" मी हसून विषय बदलला.

अर्ज गेल्यावर मुलीचा रियाझ बंद झाला. आधी तिने खिडक्या लावून, उशीत तोंड घालावं तसं, अगदी हळू गाऊन पाहिलं. खर्ज असा लागत नाही. मोकळा आवाज मोकळाच लावावा लागतो. मग तेही थांबलं. करार संपल्यावर ते कुटुंब दुसरीकडे गेलं. ती मुलगी पुढे गायली का, मला माहीत नाही. चौकशी करावी असं अनेकदा वाटलं, पण कोणत्या तोंडाने करणार?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते. सवाईच्या स्वरमंचावर जो कलाकार बसतो, तो आकाशातून पडत नाही. तो कुठल्या तरी सोसायटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी भिंतीला भिंत लावून, रोज पहाटे गात असतो. भीमसेनजी कुंदगोळला गुरुगृही राहिले, पाणी भरलं, मेहनत केली. आज तसा वाडा नाही, तसं गुरुगृह नाही. आज आपल्या इमारती हेच गुरुगृह. मग मंडपात टाळ्या वाजवणारे आपण आणि भिंतीपलीकडे राहणारेही आपणच, याचा काही मेळ आपण घालणार की नाही?

म्हणून या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली सूचना हॉलच्या किल्लीची. हा हॉल सकाळी रिकामाच असतो. योगवर्ग सातला सुरू होतो. साडेपाच ते पावणेसात या वेळात सोसायटीतल्या कुणाही शिकणाऱ्याला, मालक असो की भाडेकरू, रियाझासाठी हॉल विनामूल्य मिळावा. वॉचमनकडे वहीत नाव लिहायचं आणि किल्ली घ्यायची. वर कुणाची घरं नाहीत, दोन्ही बाजूंना पार्किंग आहे. झोपणाऱ्यालाही झोप मिळेल आणि गाणाऱ्यालाही आवाज.

दुसरी सूचना वर्षातून चार बैठकांची. एक पहाटेची, एक दुपारची, एक दिवेलागणीची आणि एक रात्रीची. सतरंजी अंथरायची, माणसं साठ-सत्तर. माइक नाही. बंदिस्त सभागृहात आतल्यापुरता ध्वनिक्षेपक रात्रीही चालतो, तशी तरतूद त्या नियमांतच आहे. पण आपल्याला तोही नको. साठ माणसांना न ऐकू जाणारा गवई अजून मी पाहिलेला नाही. मागे प्रायोजकाचं बॅनर नाही, सत्काराचे नारळ नाहीत, आणि कृपा करून दीपप्रज्वलनानंतरची भाषणं नाहीत. बोलावायचं ते तरुण कलाकारांना. पण "तुम्हाला व्यासपीठ देतोय ना" असं म्हणून फुकट गाऊन घ्यायचं नाही. बिदागी पाकिटात घालून, आधी ठरवून, पूर्ण द्यायची. तबला आणि पेटीवाल्यांनाही. पैसे सोसायटीच्या निधीतून मागत नाही. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी वर्गणी काढायची. पहिल्या वर्षाची माझी वर्गणी मी आजच खजिनदारांकडे दिली आहे.

आता तुम्ही म्हणाल, काका, चार बैठकांनी काय होणार? काही फार होणार नाही. पण १९५३ मध्येही एका शिष्याने एका गुरूची आठवण एवढंच काम हातात घेतलं होतं. आपल्याला महोत्सव करायचाच नाही. आपल्याला फक्त दरवर्षी त्याच चार दिवशी, त्याच सतरंजीवर बसायचं आहे. न चुकता करणं एवढीच त्यातली अवघड गोष्ट आहे. पंचवीस वर्षं न चुकता मेंटेनन्स भरणाऱ्या माणसांना ती जमायला हरकत नसावी. अर्थात काही अपवाद आहेत, त्यांची नावं नोटीस बोर्डावर आहेतच.

आणि त्या मुलीची काही खबर मिळाली, तर पहिली पहाटेची बैठक तिची असावी, अशी माझी इच्छा आहे. ती आता गात नसेल, तर तिने नुसतं ऐकायला यावं. मी दारात उभा राहीन.

सचिवसाहेब घड्याळ दाखवत आहेत. थांबतो.

(वरील दोन्ही सूचना व्यवस्थापक समितीच्या पुढील बैठकीत विषयपत्रिकेवर घेण्यात येत आहेत. सभासदांनी आपली मते लेखी कळवावीत. – संपादक मंडळ)