पऱ्हाटीच्या जुडीतून दशकाची ओळख

कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेस मुकलेले मूल परतल्यावर हातच्याच्या वजाबाकीत अडखळते आणि हळूहळू शाळेपासून दुरावते. अशा मुलांना जोडून ठेवण्याचा मार्ग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दाखविला. सन १९४५ मध्ये बोर्डीस सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडला बहरले. परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील साधने होती; गुराख्या मुलांसाठी कुरणशाळाही भरविल्या गेल्या.

वडनेर भोलजीच्या शिवारात पऱ्हाटीला तोटा नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या मुलांनीच बांधाव्यात. ३४ मधून १८ वजा करताना चार सुट्या काड्या अपुऱ्या पडताच मुलाने स्वतः एक जुडी सोडावी. जुडी सुटली की दशक उमगतो. मागे पडलेल्या मुलालाच यासाठी प्रथम पुढे बोलवावे.