महागाईचे दिवस आणि घरचा बंदोबस्त



आज खत-फवारणीचा विषय बाजूला ठेवू आणि घराबद्दल बोलू. रुपयाची किंमत घटते, बाजार चढतो, कधी अचानक कोसळतो, अशा दिवसांत शेतकऱ्याचे घर कसे सावरून धरायचे, हा आजचा विषय आहे. पीक बुडाले तर पुढच्या साली पुन्हा पेरता येते. घराची घडी विस्कटली आणि त्यापायी जमीन गेली, तर ती परत येत नाही. म्हणून ही चार शब्दांची उजळणी.

रुपया घसरतो म्हणजे काय होते?

आपल्या भागाला पैशाचा फेरबदल नवा नाही. जालना निजामाच्या राज्यात होता, तेव्हा इथे चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्का चालत असे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढे सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब ठरला आणि १९५९ पर्यंत हाली सिक्का पूर्ण बंद झाला. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना तो अजून आठवत असेल. २०१६ साली ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, ते तर आपण सर्वांनीच पाहिले. पैशाचे नाव, भाव आणि मुदत सरकार ठरवते. कणगीतल्या ज्वारीने मात्र पोट भरते, मग सिक्का कोणाचाही असो.

आता डॉलरचे पाहा. १९६६ च्या जूनमध्ये सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. १९९१ च्या जुलैमध्ये देशाजवळ परकीय चलन उरले नव्हते. सोने परदेशात गहाण टाकावे लागले आणि रुपया दोन टप्प्यांत आणखी उतरवला गेला. २०२२ साली डॉलर ८० रुपयांच्या वर गेला.

कोणी म्हणेल, "साहेब, आम्हाला डॉलरशी काय घेणे?" घेणे आहे. ट्रॅक्टरचे डिझेल ज्या तेलापासून बनते, ते बहुतेक परदेशातून येते. पोटॅश सगळे बाहेरून येते. डीएपी किंवा त्याचा कच्चा माल बाहेरून येतो. खाण्याचे तेलही निम्म्याहून जास्त बाहेरचेच आहे. हा माल डॉलर मोजून घ्यावा लागतो. २०२१ साली डीएपीच्या एका बॅगेची खरी किंमत २,४०० रुपयांवर गेली होती. सरकारने अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले, म्हणून बॅग आपल्याला १,२०० ला मिळाली. दर वेळी एवढी मदत मिळेलच, असे धरून चालू नये. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा भाव चौपट केला, तेव्हा १९७४-७५ मध्ये आपल्या देशात घाऊक महागाई पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली होती. त्याच्या आधी १९७२ चा दुष्काळ पडून गेला होता. लाल ज्वारी खाऊन लोकांनी ते दिवस काढले.

शेतकऱ्याची अडचण दुहेरी असते. तो विकतोही आणि विकत घेतोही. विकत घ्यायच्या वस्तूंचा भाव आधी चढतो. विकायच्या मालाचा भाव चढेलच याची हमी नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले. पुढे ते निम्म्याहून खाली आले, पण बियाणे, मजुरी आणि डिझेल काही निम्मे झाले नाही. म्हणून आपल्या हातात काय आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट : घरची चूल घरच्या धान्यावर

जे घरी पिकते ते मोंढ्यावर स्वस्त विकायचे आणि चार महिन्यांनी किराणा दुकानातून महाग आणायचे, हा तोट्याचा व्यवहार आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण सहा क्विंटल ज्वारी-गहू आणि एक क्विंटल डाळ लागते. रास झाली की आधी एवढे बाजूला काढा. त्यावर दोन-तीन महिन्यांचे जास्तीचे ठेवा. उरलेले बाजाराचे.

सगळे रान कापूस-सोयाबीनला देऊ नका. रब्बीत ज्वारी पेरा. परभणी मोती किंवा मालदांडी घेतलीत तर भाकरी होते आणि जनावराला कडबाही होतो. तुरीसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण आहे. तो लवकर निघतो. थोड्या रानात करडई घ्या. परभणी कुसुम म्हणजे पीबीएनएस १२ हा वाण कोरडवाहूला चांगला आहे. घाण्यावर करडईच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा तेल निघते. युद्ध कुठेही होवो, तुमच्या फोडणीचे तेल घरचे राहील. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली आणि इथे तेलाचा डबा कुठे गेला, हे आपल्या मायबहिणींना चांगले ठाऊक आहे.

धान्य भरण्याआधी कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. कोठी साफ करून, कोरडी करून मगच भरा. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घाला. तूर-हरभरा आख्खा फार दिवस ठेवाल तर भुंगेरा लागेल, म्हणून खाण्यापुरती डाळ वेळेवर करून घ्या.

दुसरी गोष्ट : विकतच्या निविष्ठा कमी करा

संकरित कापसाचे बी दर साली विकत घ्यावेच लागते. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या सरळ वाणांचे तसे नाही. चांगल्या प्लॉटमधले बी वेगळे काढा. सोयाबीनचे साल फार नाजूक असते, म्हणून मळणीयंत्राचा वेग कमी ठेवा. बी वाळवून कोरड्या जागी फळ्यांवर ठेवा आणि थप्पी उंच रचू नका. पेरणीआधी गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर पेरा. कमी उगवले तर तज्ज्ञाला विचारून बियाण्याचे प्रमाण वाढवा, आणि फारच कमी उगवले तर ते बी पेरू नका. पेरताना रायझोबियम चोळा.

माती तपासून घ्या आणि मगच खत द्या. शेजाऱ्याने दोन बॅगा टाकल्या म्हणून आपणही टाकायच्या, असे करू नका. शेणखत उकिरड्यावर उन्हापावसात वाया घालवू नका, खड्ड्यात कुजवा. एक बॅग वाचली तर तेवढी उधारी वाचली.

तिसरी गोष्ट : माल एकदम विकू नका, एकदम अडवूनही ठेवू नका

सुगीत सगळ्यांचा माल एकाच वेळी मोंढ्यावर येतो आणि भाव पडतो. अशा वेळी शेतमाल तारण योजना उपयोगी पडते. राज्य कृषी पणन मंडळ ही योजना १९९० पासून बाजार समित्यांमार्फत राबवते. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या सुमारे ७५ टक्के रक्कम उचल मिळते, सहा महिन्यांसाठी व्याज साधारण वर्षाला सहा टक्के. हिशेब करून पाहा. दहा क्विंटल सोयाबीनची किंमत ४५,००० रुपये धरली, तर ३३,७५० रुपये हातात येतात. सहा महिन्यांचे व्याज हजार रुपयांच्या आसपास होते. म्हणजे क्विंटलमागे शंभर रुपये भाव वाढला तरी व्याज निघते. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का आणि इतर खर्च काय पडतो, ते आधी विचारून घ्या.

पण लोभही नको. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला. त्या आशेने पुढच्या हंगामात पुष्कळांनी घर भरून कापूस ठेवला. भाव सात हजारांच्या आसपास आला, कापूस पिवळा पडला आणि घरातल्या पोरांना खाज सुटली. म्हणून मालाचे तीन हिस्से करा. एक हिस्सा सुगीत विका आणि देणी द्या. दुसरा दोन-तीन महिन्यांनी विका. तिसरा भाव पाहून विका. बाजारात भाव हमीभावाच्या खाली असेल तर सरकारी खरेदी केंद्रावर वेळेत नोंदणी करा.

चौथी गोष्ट : कर्ज

बँकेचे पीककर्ज वेळेवर भरले तर व्याजात सवलत मिळते. सावकाराचे तसे नाही. "शेकडा तीन" हे ऐकायला थोडे वाटते, पण ते महिन्याचे असते. २०,००० रुपये घेतले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्दल जागच्या जागी राहते. हातात पैसा आला की सर्वांत आधी हे कर्ज फेडा. याच्याइतकी किफायतशीर गुंतवणूक दुसरी नाही.

एका वर्षाच्या चढ्या भावावर पाच वर्षांचे हप्ते अंगावर घेऊ नका. सोयाबीन दहा हजारांना गेले त्या साली ज्यांनी तोच भाव धरून गाडी घेतली, त्यांचा हप्ता तेवढाच राहिला आणि भाव मात्र खाली गेला. लग्नासाठी जमीन गहाण टाकू नका. जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या बाईला आणि शिकलेल्या पोराला तो कागद वाचायला द्या.

पाचवी गोष्ट : शिल्लक कुठे ठेवावी?

डब्यात ठेवलेला पैसा गप्प बसून झिजतो. वर्षाला सहा टक्के महागाई असली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. म्हणजे डब्यातल्या दहा हजारांत तेव्हा आजच्या पाच हजारांचाच माल येतो. अडीनडीसाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी असावा. बाकीचे बँकेत किंवा पोस्टात ठेवा. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. जास्त व्याजाच्या मोहाने ठेवी ठेवल्या आणि संस्थेला कुलूप लागले, असे मराठवाड्यात अनेकांच्या बाबतीत घडले आहे. "वर्षात दाम दुप्पट" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

रुपया घसरला की सोन्याचा भाव चढतो, हे खरे आहे. म्हणून थोडे सोने असावे. पण कर्ज काढून सोने घेऊ नये. घडणावळीत पैसा जातो, हेही ध्यानात ठेवावे.

सहावी गोष्ट : पाणी आणि दुसरी मिळकत

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. वीस वर्षे जपलेली झाडे सरपणाला गेली. त्याच जिल्ह्यात कडवंचीने पाणलोटाचे काम आधीच केले होते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षे पिकू लागली. पाण्यात घातलेला पैसा महागाई खाऊ शकत नाही.

एकाच पिकावर घर टांगू नका. दोन शेळ्या, एक दुभते जनावर, परसात कोंबड्या, पाण्याची सोय असेल तर तुती. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. आठवड्याला थोडा पैसा येत राहिला, तर मीठ-मिरचीसाठी उधारी करावी लागत नाही.

भगिनींनो, हे शेवटचे तुमच्यासाठी. घरात किती आले आणि किती गेले, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नसते. एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च आणि शेवटी देणी लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. दर पाडव्याला सगळ्या घराने बसून ती वही वाचावी. कोणाचे किती देणे आहे, कणगीत किती आहे आणि यंदा काय विकत घ्यायचे नाही, हे सर्वांसमोर ठरवावे. कर्ज एकट्याच्या मनात राहिले की ते माणसाला आतून पोखरते. चौघांत बोलले की त्यातून वाट निघते.

डॉलरचा भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. कोठीतले धान्य, घरचे बी, बांधावरचे पाणी आणि वहीतला हिशेब एवढे आपल्या हातात आहे. यंदाच्या सुगीपासून सुरुवात करा.