बक्षीसपत्रावर सही करण्याआधी

ज्येष्ठांचा छळ म्हटलं की मारहाण डोळ्यांपुढे येते. पण आपल्याकडे पुष्कळदा सुरुवात होते ती सहीपासून. "बाबा, शेवटी आमचंच आहे ना? आत्ताच नावावर करून टाका, पुढे कटकट नको." बक्षीसपत्राची नोंदणी होते, आणि काही महिन्यांत बाबांची खाट गॅलरीत सरकते.

शेजाऱ्यांना हे दिसत असतं. दिवाळी उलटली तरी चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानेच बांधलेली. पेन्शन खात्यात येते, पण एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. तब्येत काकूंना विचारावी, तर उत्तर दुसराच कुणी देतो. एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये, पण नजर मात्र ठेवावी.

मग आपला आवडता उपाय म्हणजे मुलाला चारचौघांत जाब विचारणं. मला तो घातक वाटतो. लोक पांगतात आणि राग निघतो म्हातारीवर! आधी तिला एकटीला गाठा, देवळात सोबत न्या, तिला काय हवंय ते विचारा. "पोराची बदनामी नको," असं ती म्हणेल. तिला सांगा, निर्वाहभत्ता मागितला म्हणून पोरगा तुरुंगात जात नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे हा अर्ज प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तिला जमत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. मारहाण चालू असेल, तर मात्र थेट ११२.

आता त्या बक्षीसपत्राचं. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द ठरवून घेता येतं. अडतं ते अटीपाशी. अशी अट होती हे दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं लिहून दिल्याचा कागद होता. तोंडी वचनावर विसंबलेल्यांना एवढं सोपं जात नाही. म्हणून द्यायचंच असेल, तर अट दस्तातच घालून घ्या. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं, आणि तोवर घर तुमच्याच नावावर राहतं. घाई करणाऱ्या मुलाला हे पटणार नाही, त्याला रुसू द्या.

सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: १४५६७. फोनला पैसे पडत नाहीत, आणि शेजाऱ्यानेही तो करायला हरकत नाही.